शिसवी फळीतला गांधार

आमचे हे सुतार. त्यामुळे आमच्या घरात धड जेवणाचं टेबल नव्हतं, यात कोणाला नवल वाटायला नको. लग्न झालं तेव्हा यांनी खोक्यांच्या फळ्या ठोकून एक टेबल केलं होतं, तात्पुरतं म्हणून. त्या तात्पुरत्या टेबलावर आमच्या मुलीनं अक्षरं गिरवली, कॉलेजचा अभ्यास केला, नोकरी धरली आणि दुसऱ्या शहरात बिऱ्हाड केलं. टेबल तिथंच. एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी, आणि पातळ काही वाढायचं असेल तर एकानं कड धरून बसायचं.

मी विषय काढला की हे म्हणायचे, "करतो गं. चांगलं लाकूड मिळू दे." चांगलं लाकूड मिळायचं. त्याची दारं व्हायची, कपाटं व्हायची, आणि ती टेम्पोत बसून लोकांच्या घरी नांदायला जायची.

आमचं घर म्हणजे खाली यांचा कारखाना आणि वर तीन खोल्या. पुढच्या खोलीत माझं शिवणयंत्र. मी पडदे, गाद्यांच्या खोळी आणि शाळेचे गणवेश शिवते. मधल्या खोलीत ताई. ताई म्हणजे यांची थोरली बहीण. त्यांनी जन्मभर शाळेत गाणं शिकवलं, लग्न केलं नाही, आणि निवृत्त झाल्यावर आमच्याकडे राहायला आल्या त्या एक ट्रंक आणि एक पेटी घेऊन. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या बोटांची पेरं सुजायला लागली. औषधांनी दुखणं कमी झालं, पण बोटं काही पूर्वीसारखी वळेनात. पेटीच्या पट्ट्यांवर ती लाकडासारखी पडायची. एके दिवशी त्यांनी पेटी एका जुन्या विद्यार्थिनीला देऊन टाकली आणि त्याबद्दल आपणहून पुन्हा चकार शब्द काढला नाही. आपण विचारावं, तर म्हणायच्या, "अगं, पेटीला हवा लागते. ती हवी तशी कोणी भरली नाही तर ती आजारी पडते."

बोटं गेली तरी कान शाबूत होता. शेजारणीच्या मिक्सरचा आवाज ऐकून त्या सांगायच्या, "आज वीज कमी आहे, मिक्सर अर्ध्या सुरानं खाली गातोय." आमच्या यांचा कान मात्र ठार. लहानपणी ताईंनी यांना गाणं शिकवायचा महिनाभर प्रयत्न केला आणि शेवटी हात टेकले. "तुझ्या कानात भुसा आहे," असं तेव्हा म्हणाल्या, आणि पुढंही अधूनमधून म्हणतच राहिल्या. आणि आमचे हे ते मिरवायचेसुद्धा. कोणी गाणं लावलं की मुद्दाम विचारायचे, "हे चांगलंय की वाईट? टाळ्या केव्हा वाजवायच्या तेवढं सांगा."

मोठ्या रस्त्यावरच्या कापडाच्या दुकानात नवं काम निघालं होतं. म्हाताऱ्या मालकाच्या मुलाला सगळं काचेचं हवं होतं. जुनी कपाटं यांनीच उतरवली आणि शेवटी राहिला तो मधला लांबलचक काउंटर. मुलगा म्हणाला, "काका, हा तेवढा तुम्हीच घेऊन जा. चार माणसांनाही हलत नाही."

त्या दिवशी हे टेम्पोतून उतरले ते लग्नातल्या नवरदेवासारखे. मला खाली बोलावलं आणि म्हणाले, "टेबल आलं बघ."

मी बघितलं. काळपट, तेलकट, कळकट अशी एक फळी. लांबी अशी की कारखान्याचं दार उघडंच ठेवावं लागलं. तिच्या एका कडेला कापड मोजायची पितळी पट्टी ठोकलेली, गिऱ्हाइकांच्या कोपरांनी गुळगुळीत झालेली.

"हे?" मी म्हटलं.

यांनी रंधा घेतला आणि एका कोपऱ्यावर दोन हात मारले. काळ्या मळाखालून जांभळट तपकिरी रंग वर आला आणि त्यात शाईनं ओढाव्यात तशा काळ्या रेघा. एक गोडसर वास सुटला, जुन्या अत्तराच्या रिकाम्या बाटलीत असतो तसा.

"शिसव," हे म्हणाले. "अख्खं. एकसंध. असं आता बघायलाही मिळत नाही." आणि मग यांची गाडी सुटली. या लाकडाला वाळवी तोंड लावत नाही. पाण्यात टाकलं तर बुडत नाही, पण जेमतेम डोकं वर ठेवून पोहतं, इतकं जड. तंतू सरळ जात नाहीत, एकमेकांत गुंतलेले असतात, म्हणून चिरफळत नाही, पण रंध्याला खूप नाचवतं. आत कुठंकुठं खडूसारखे बारीक खडे असतात, ते पात्यांची धार खातात. "पण एकदा वश झालं ना, की नातवंडांपर्यंत बघायला नको."

"आधी मला बघू दे," मी म्हटलं. "नातवंडांचं नंतर."

टेबल व्हायला बरेच दिवस लागले, कारण शिसव वश व्हायला तयार नव्हतं. यांनी पितळी पट्टी काढली, तिचे खिळे एकेक करून उपटले, आणि तरी एक आत दडून राहिला तो करवतीच्या पात्याला नेमका सापडला. पातं तुटलं. हे त्या पात्याला जे बोलले ते ताई घरात असताना सहसा बोलत नाहीत. भुशानं यांना शिंका सुरू झाल्या, नाकाला फडकं बांधून काम करावं लागलं. पण एका संध्याकाळी पाच माणसांनी मिळून ते टेबल जिन्यातून वर चढवलं, आणि मी त्यावर हात फिरवला. थंड, गुळगुळीत, आणि इतकं भक्कम की त्यावर मी उभी राहून नाचले असते तरी हललं नसतं. आठ माणसांचं टेबल. आम्ही तिघं त्याच्या एका टोकाला गोळा होऊन जेवलो. त्या रात्री पातळ वाढताना कोणीही कड धरली नाही.

खाली काउंटरची उरलीसुरली कड पडली होती. खिळ्यांची भोकं टाळून कापलेल्या वीत-दीड वीत लांबीच्या पट्ट्या. दुसऱ्या दिवशी हे त्या आवरत असताना एक पट्टी हातातून निसटली आणि फरशीवर पडली. मी जिन्यातच होते. लाकूड पडल्यावर येतो तसा आवाज आला नाही. टणटणीत, गोल, आणि जरा वेळ रेंगाळणारा आवाज आला.

वरून ताईंची हाक आली, "कोण आहे रे खाली? गांधार कोणी वाजवला?"

"कोणी नाही गं, फळी पडली," हे ओरडले.

"परत पाड."

यांनी माझ्याकडे बघितलं आणि दुसरी पट्टी टाकली.

"ही नाही. ही कुठंतरी मध्येच लोंबकळतेय. आधीची टाक."

यांनी आधीची टाकली. वरती चपलांचा आवाज झाला आणि ताई कठडा धरून जिना उतरायला लागल्या. कारखान्यात त्या कधी यायच्या नाहीत, धूळ सोसत नाही म्हणून. आज पदर नाकाला लावून तरातरा आल्या, पट्टी उचलली, पंजात दाबून धरली आणि पेचकसाच्या मुठीनं तिच्यावर ठोकलं.

ठक्. मेल्यासारखा आवाज.

"अरे," ताई म्हणाल्या, "ही आता मुकी झाली."

त्यांचा चेहरा इतका पडला की मला वाईट वाटलं. हे डोकं खाजवत उभे राहिले. मग म्हणाले, "पडताना तिला कोणी धरलेलं नसतं, ताई. तू तिचा गळा दाबून म्हणतेस गा."

ताईंनी पट्टी दोन बोटांत सैल धरली. एका जागी धरली की मुकी, जरा सरकवली की गायची. मग आम्ही तिघांनी खेळच मांडला. माझ्या कापडाच्या दोन वळकट्या करून यांनी त्यावर पट्टी ठेवली, वळकट्या इकडे सरकव, तिकडे सरकव. मी बघत होते. पट्टीवर भुसा पडला होता, आणि दर ठोक्याला तो जागचा हलत होता. कापडावरच्या खडूच्या रेघा शोधून माझी नजर तयार झालेली. मला वाटलं, हा भुसा उगाच हलत नाही, कुठंतरी निघालाय. पण जांभळ्यावर जांभळा, नीट दिसेना. मी वर जाऊन मिठाचा डबा आणला आणि चिमूटभर मीठ पट्टीवर भुरभुरलं.

"आता वाजवा."

ताई वाजवत गेल्या. मीठ नाचलं, उड्या मारायला लागलं, आणि हळूहळू दोन आडव्या ओळींत जाऊन बसलं. दोन्ही टोकांपासून लांबीच्या पाव हिश्श्याच्या जरा अलीकडे, दोरी धरून आखल्यासारख्या दोन पांढऱ्या रेघा. यांनी वळकट्या बरोबर त्या रेघांखाली सरकवल्या. ताईंनी ठोका दिला.

तो आवाज कारखानाभर फिरून आला. समोरच्या फुटपाथवरचा नळवाला, ज्याचं पाइपचं दुकान आहे, तो दुकानातून वाकून बघायला लागला.

"या रेघांवर लाकूड हलतच नाही," हे हळूच म्हणाले. "बाकी सगळं हलतं. इथं धरलं तर त्याला कळतसुद्धा नाही." चाळीस वर्षं लाकूड कापणारा माणूस, पण त्या दिवशी आपल्याच पोराला पहिल्यांदा चालताना बघावं तसा त्या पट्टीकडे बघत होता.

त्यानंतर दारं-खिडक्यांची कामं दुपारपर्यंत, आणि दुपारनंतर पट्ट्या. सूर लावायचं तंत्र दोघांनी भांडत भांडत शोधून काढलं. ताई म्हणायच्या, "उतरव जरा." हे टोक तासायचे. सूर चढायचा. "अरे, उतरव म्हटलं." हे दुसरं टोक तासायचे. आणखी चढायचा. शेवटी यांनी पट्टी उलटी केली आणि पोटाकडून मधोमध कानशीनं खरवडलं. उतरला. "मधे पातळ झाली की जास्त वाकते," हे म्हणाले, "आळशी होते, सावकाश हलते. टोकं कमी केली की अंग हलकं, भराभर हलते." यांच्या कानाला यातलं काही कळत नव्हतं, पण हाताला सगळं कळत होतं.

पहिल्या काही पट्ट्यांचा बळी गेलाच. एक जरा जास्त खरवडली गेली, तिचा आवाज म्हशीच्या हंबरण्यासारखा झाला. म्हणून टोकं कापली, तर फार चढली. म्हणून पुन्हा खरवडली. असं करता करता ती पट्टी कंगव्याएवढी उरली. ती मी उचलली. कापडाच्या घड्या दाबायला फार बरी पडते.

ताईंनी एकदा विचारलं, "शिसवच का रे? तुझ्याकडे इतकी लाकडं आहेत."

यांनी मग परीक्षाच घेतली. खोक्याच्या पांढऱ्या लाकडाची तेवढीच पट्टी केली. ती नुसती ठोकल्यासारखी वाजली. सागवानाची केली. "सागवान बोलतं," ताई म्हणाल्या, "पण तोंडात घास ठेवून."

"तेलकट असतं ते, शांत," हे म्हणाले. "दाराला फार चांगलं. ऊन-पाऊस काही मनावर घेत नाही. शिसव हट्टी. आतून घट्ट, कुठं पोकळ नाही. त्याला मारलं की ते लगेच विसरत नाही."

"माझ्यासारखं," ताई म्हणाल्या, आणि दोघं भावंडं हसली.

वाजवायच्या काठ्या माझ्याकडे आल्या. नुसत्या लाकडानं वाजवलं की आवाज टोचायचा. मी रबराचे छोटे चेंडू आणले, त्यांवर लोकरीचे धागे फिरवून फिरवून घट्ट गुंडाळले आणि सुईनं शिवून टाकले. यांनी काठ्यांच्या मुठी मात्र बारीक ठेवल्या नाहीत. लाटण्याएवढ्या जाड केल्या, मधे थोडी कंबर दिली. ताईंना मूठ पुरती मिटता येत नाही, हे कोणी बोललं नाही. त्यांनी काठी हातात घेतली, आणि ती त्यांच्या हातात बसली. बोटं वळवायची गरजच नव्हती.

तेव्हा दहा पट्ट्या तयार होत्या, मिठाच्या रेघांवर भोकं पाडून माझ्या पडद्याच्या जाड दोरीत ओवलेल्या. ताईंनी आधी सरळ एक एक सूर वाजवला. मग एक छोटं गाणं, शाळेत पहिलीच्या मुलांना शिकवायच्या ते. एकदा चुकल्या, थांबल्या, पुन्हा वाजवलं. मग त्यांनी काठ्या मांडीवर ठेवल्या आणि म्हणाल्या, "अगं, मनगट तर अजून माझंच आहे."

मी स्वयंपाकघरात गेले आणि जरा वेळ नळ सोडून उभी राहिले.

पण दहा पट्ट्यांनी माणसाचं किती दिवस भागणार? सगळ्या वरच्या सुरांतल्या, चिमण्यांसारख्या. खालचे, भरदार सूर हवे तर लांब-रुंद पट्ट्या हव्यात, आणि उरलेली कड तर संपली. हे शहरातल्या सगळ्या वखारी फिरून आले. शिसव म्हटलं की वखारवाले हसायचे. नवं कापायला परवानगी लागते, मिळालं तरी ओलं, आणि ओल्या लाकडाचा सूर वाळता वाळता कुठं जाईल त्याचा नेम नाही. काउंटरचं लाकूड तीन पिढ्या सावलीत वाळलेलं होतं. तसं लांब, रुंद, वाळलेलं शिसव साऱ्या गावात एकाच ठिकाणी होतं. आम्ही त्यावर जेवत होतो.

कोणी काही बोलत नव्हतं. पण मी काही आंधळी नाही. हे जेवता जेवता टेबलाच्या खालून हात घालून जाडी चाचपायचे. ताई जेवण झाल्यावर कोणाचं लक्ष नाही असं बघून चमच्यानं टेबलाच्या मोकळ्या टोकावर हळूच टक टक करायच्या आणि मान कलती करून ऐकायच्या. मी आत आले की दोघंही टेबल किती छान झालंय याबद्दल बोलायला लागायचे.

आता खरं सांगायचं तर त्या टेबलानं मलाही जेरीस आणलं होतं. ते हलायचं नाही, म्हणून खालचा केर निघायचा नाही. खोलीत वळायला जागा उरली नव्हती, रोज त्याचा कोपरा माझ्या कमरेला लागायचा. आणि आठ माणसांच्या टेबलावर तीन माणसं जेवायला बसली की लग्नाला पाहुणे आलेच नाहीत असं वाटायचं. इतकी वर्षं मी टेबल मागत होते. मला हवं होतं ते यांनी एकदा माझ्यासाठी खपून काहीतरी करावं, हे. ते झालं होतं.

एका सकाळी ताई अशाच टक टक करत होत्या. मी मागून विचारलं, "काय म्हणतंय?"

त्या दचकल्या. "काही नाही गं. माशी होती."

"माशी चमच्यानं मारतात? सूर कुठला आहे सांगा."

ताईंनी चमचा पदराआड नेला. मग एकदम पुटपुटल्या, "खालचा सा. या टोकाच्या लाकडात खालचा सा नक्की आहे. पण मी काही म्हणत नाहीये."

मी जिन्यातून हाक मारली, "अहो, करवत घेऊन वर या."

हे आले. मी टेपनं मोजलं आणि माझ्या शिवणाच्या खडूनं टेबलावर एक आडवी रेघ मारली. "इथून अलीकडचं माझं. चार माणसांचं. पलीकडचं तुमचं."

"अगं वेडी आहेस का तू," हे म्हणाले. "एवढं मरमर करून केलं, आणि आता—"

"नको गं, खरंच नको," ताई म्हणाल्या. "मला दहा सूर खूप झाले."

"नको तर नको," मी म्हटलं आणि रेघ पुसायला फडकं उचललं.

"थांब," दोघं एकदम म्हणाले.

कापताना मात्र यांचा हात जरा अडला. मी टेबलाची माझी बाजू धरून उभी राहिले, आणि मग करवत फिरली. कापल्यावर खोलीत उजेड वाढला, इतकी जागा झाली. यांनी पाय सरकवून पुन्हा बसवले, कड घासून गोल केली. माझं टेबल चौकोनी झालं, बसकं आणि गोजिरवाणं, आणि एकटीला ढकलता येईल असं. माझ्या कमरेनंही आभार मानले.

त्या तुकड्यातून मोठ्या पट्ट्या निघाल्या. हातभर लांबीच्या, ओंजळीएवढ्या रुंद. खालचा सा लागला तेव्हा ताईंनी डोळे मिटून घेतले. पण हे समाधानी नव्हते. आवाज खोल होता, पण लवकर विझायचा. तेव्हा समोरचा नळवाला आला. तो आता रोजच यायचा, दुकान उघडं टाकून. म्हणाला, "काकू, रिकाम्या पाइपात तोंड घालून हाक मारली की आवाज कसा घुमतो? तसं खाली काहीतरी लावून बघू या का?"

त्यानं पांढऱ्या पाइपचे तुकडे आणले, खालच्या टोकांना टोपणं बसवली. प्रत्येक पट्टीखाली एक उभा पाइप. नुसता कसाही पाइप चालेना. खालच्या सुराला लांब, वरच्या सुराला आखूड. टोपण वर-खाली सरकवत जायचं, आणि एका जागी आलं की पट्टीचा आवाज एकदम फुगायचा, घागर पाण्यानं तोंडापर्यंत भरावी तसा. त्या खालच्या सा-ला पाइप लागला आणि ताईंनी ठोका दिला, तेव्हा तो मला कानांनी ऐकू आलाच, पण तळपायांनाही कळला. नळवाला खाली बसला आणि म्हणाला, "माझ्या पाइपांतून आजवर सांडपाणीच गेलं हो."

मधे एक आठवडा हवा दमट होती. ताई वाजवत होत्या, हे बाजूला कपाटाला पॉलिश करत होते. मधेच यांनी हात थांबवला. "ताई, ती पलीकडची तिसरी... जरा खाली बसलीय ना?"

ताईंनी ती पट्टी वाजवली. पुन्हा वाजवली. आणि हळूहळू मान वळवून भावाकडे बघितलं. पट्टी दमट हवा प्यायली होती, सूर केसभर उतरला होता. इतका थोडा की मला काही समजला नव्हता.

"निघाला," ताई म्हणाल्या. "भुसा निघाला रे तुझ्या कानातला."

हे पॉलिशचं फडकं हातात घेऊन तसेच उभे. लाजले होते, साठी उलटलेला माणूस. "मला आपलं वाटलं," म्हणाले, आणि पुन्हा कपाटाकडे वळले. पण त्या दिवशी त्या कपाटाच्या एकाच दारावर त्यांनी तीन हात जास्तीचे दिले.

सुट्टीच्या दिवशी दुपारी आम्ही कारखान्याचं शटर पूर्ण वर केलं. कोणाला आमंत्रण दिलं नव्हतं, तरी माणसं जमली. ताईंचे जुने विद्यार्थी आले, त्यांतले काही आता टकले. मुलगीही गाडी करून आली. कापडवाले म्हातारे मालक काठी टेकत आले आणि पहिल्या रांगेत बसले. ताईंनी आधी सावकाश, घरंदाज असं काहीतरी वाजवलं. लोक माना डोलवत होते. मग कोण जाणे काय झालं, त्यांनी हात मोकळे सोडले. दोन काठ्या वरून खाली, खालून वर, खारी झाडावर पळाव्या तशा पळायला लागल्या. खालचे सूर पावलं टाकत होते आणि वरचे त्यांच्या अंगाखांद्यावर उड्या मारत होते. मुलगी उठून माझा हात ओढायला लागली. मी नको नको म्हणत होते. शेवटी भुशानं भरलेल्या फरशीवर मी, मुलगी, नळवाला आणि दोन टकले विद्यार्थी असे नाचलो. फार वाईट नाचलो. आमचे हे मधोमध उभे राहून टाळ्या वाजवत होते, कोणालाही न विचारता, आणि बरोबर ठेक्यावर.

त्या गर्दीत एका संगीत शाळेची मुख्याध्यापिका होती. सगळे पांगल्यावर ती वाद्याभोवती दोनदा फिरली, खाली वाकून पाइप बघितले आणि यांना म्हणाली, "आमच्या शाळेला असं एक करून द्याल?"

हे म्हणाले, "मी दारं-खिडक्या करतो."

"देईल," आतून ताई म्हणाल्या.

तेव्हापासून आमच्या घरी शिसवाचा शोध सुरू आहे. नवं नको, जुनंच हवं. मोडके पलंग, पडक्या दुकानांचे काउंटर, कोणाच्या माळ्यावरचा जुना झोपाळा. गेल्या आठवड्यात कळलं की स्टेशनजवळचं जुनं हॉटेल पाडणार आहेत आणि त्याचा जिना शिसवी आहे. आम्ही तिघं टेम्पोच्या पुढच्या सीटवर दाटीवाटीनं बसून गेलो. मॅनेजर बिचारा कोट घालून आमची वाट बघत होता. ताईंनी पिशवीतून काठी काढली, गुडघ्यांची तक्रार न करता पहिल्या पायरीपाशी वाकल्या आणि टक केलं. मग दुसऱ्या. मग तिसऱ्या.

"बाई काय तपासतायत?" मॅनेजरनं मला विचारलं. "वाळवी बिळवी नाही हां, अजिबात."

"वाळवी नाही," मी म्हटलं. "त्या निवडतायत."

वरच्या वळणापाशी पोचल्यावर ताईंनी कठड्यावरून खाली बघितलं. धापा टाकत होत्या आणि गाल लाल झाले होते. "अरे, ऐक," त्यांनी यांना हाक मारली. "वर ये लवकर. इथं अख्खा पंचम पडलाय, आणि लोक त्यावर पाय देऊन जातायत."

हे दोन दोन पायऱ्या एकदम चढत गेले.